दोन तोंडांचं घुबड

बो-फानच्या वडिलांना, सगळे ज्यांना थोरले म्हणत त्यांना, जाऊन तीन वर्षं झाली, तेवढ्या वर्षांचं सुतक फिटलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून बो-फान आईच्या घुबडाकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागला.

घुबड काशाचं होतं. हातभर उंच, पोटानं गरगरीत, खाली चार आखूड जाड पाय, वर झाकण आणि उचलायला कडी. आत दारू ठेवायची. दोन घुबडं पाठीला पाठ लावून उभी आहेत अशी त्याची घडण होती. म्हणजे समोरून पाहिलं तर घुबड, आणि बरं वाटावं म्हणून मागे जाऊन पाहिलं तर पुन्हा घुबडच. बो-फानची आई लू-जिआंग अठराव्या वर्षी लग्न होऊन चोऊच्या पठारावर आली तेव्हा सगळ्या वाटेत ते तिच्या मांडीवर होतं. चोऊ राजांनी यिन राजाचं राज्य बुडवलं तेव्हाच्या लुटीत ते तिच्या आजोबांना मिळालेलं. सासरी गाडीतून उतरताना सासूनं आधी घुबड पाहिलं, मग सून पाहिली, आणि दोन्हींसाठी मिळून एकच सुस्कारा सोडला.

थोरल्यांना तर ते पहिल्या दिवसापासून खुपलं. आता या पठारावर दारू म्हणजे सोपी गोष्ट नाही. यिन लोक पिऊन पिऊन राज्याला मुकले असं आपल्या राजांचं म्हणणं, म्हणून हुकूमच आहे की पितरांच्या पूजेखेरीज कोणी थेंबाला शिवायचं नाही. थोरले हुकमाचे पक्के. त्यामुळे ते रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या पितराची पूजा करत. घराण्यात माणसं इतकी मेलेली होती की वर्षाचे दिवस पुरत नसत, आणि एखादा दिवस रिकामा निघालाच तर ते चुलत घराण्यातलं कोणीतरी आठवून काढत.

लू-जिआंग राळ्याची दारू गाळे, घुबडात भरे, घुबड त्यांच्यापुढे ठेवी. थोरले पहिला घोट घेत.

"पातळ आहे."

ती पळी पुसत राही.

"कोमट कर."

ती कोमट करून आणी. मग ते घुबडाकडे बघत आणि घुबड त्यांच्याकडे बघे.

"त्याचं तोंड तिकडे फिरव."

"तिकडूनही तोंडच आहे," लू-जिआंग म्हणे.

"पुढूनही बघतंय, मागूनही बघतंय. तुझ्या माहेरची माणसंच अशी."

एवढं झालं की ते घुबड तळापर्यंत रिकामं करत. चाळीस वर्षं हे असं चाललं. चाळीस वर्षांत 'बरी झालीय' असा एक शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाला नाही, आणि हे लू-जिआंगनं मनात घट्ट धरून ठेवलं होतं. चुलीपाशी उभं राहून जिनं राळे शिजवले तिलाच ते कळेल.

आता बो-फान. थोरला मुलगा, घराण्याचा कर्ता, चाळिशी ओलांडलेला, आणि शेजारच्या रोंग घराण्यानं ज्याची सगळी झोप उडवली होती असा. रोंगांनी आपल्या बापासाठी नुकतंच एक दारूचं पात्र ओतून घेतलं होतं. त्यात डुकराचं पिल्लू आंघोळ करू शकेल असं लोक म्हणत. आतल्या बाजूला लेख होता आणि लेखात रोंगांच्या बापानं गाजवलेली मोहीम होती. थोरल्यांनी कुठलीही मोहीम गाजवली नव्हती. एकदा सैन्याला धान्य पोचवायला गेले होते, त्यात त्यांच्या गाड्या सतरा दिवस चिखलात रुतून बसल्या. बो-फानलाही वडिलांसाठी पात्र ओतून घ्यायचं होतं, म्हणून त्यानं लेखासाठी त्याचीच मोहीम केली. चिखल गाळला, सतरा दिवस ठेवले, आणि लेख इतका लांबला की तो मावायला रोंगांपेक्षा मोठं पात्र लागणार होतं.

गेंग ओतारी यिनांपैकी होता. यिन कारागिरांना दारूच्या हुकमातून सूट होती, तिचा तो मनापासून मान राखी. मातीचा नमुना करून, साचे सावलीत वाळवून तो बो-फानपुढे आला आणि म्हणाला, "मालक, एवढा लेख लिहायचा तर कांसं कमी पडतंय. दक्षिणेकडून तांबं आलंच नाही यंदा."

"किती कमी?"

गेंगनं ओसरीवर नजर फिरवली. लू-जिआंग घुबड पुसत बसली होती. त्यानं घुबड नजरेनं जोखलं आणि जीभ चावली, पण उशीर झाला होता. बो-फाननंही तिकडेच पाहिलं.

"ते माझ्या माहेरचं आहे," लू-जिआंग न बघता म्हणाली.

"आई, आबांच्याच कामाला लागणार आहे ना."

"तुझ्या रथाला काय कांसं कमी आहे? ते लाव आबांच्या कामाला."

"रथ घेऊन मला दरबारात जावं लागतं." बो-फान जवळ येऊन बसला. "खरं सांग आई, आबांना हे भांडं कधी आवडलं होतं?"

इथेच तर गाडं अडत होतं. आवडलं होतं असं म्हणायला ती तोंड उघडणार, तेवढ्यात आतून चोंग-मूचा खोकला ऐकू आला. चोंग-मू म्हणजे थोरल्यांचा धाकटा भाऊ, पंचाहत्तरीचा, कानानं अधू, रीतिरिवाजांत मात्र डोळ्यांत तेल घालून बसणारा. त्याची खोली थोरल्यांच्या खोलीला लागून होती. चाळीस वर्षं भिंतीपलीकडून त्यानं सगळं ऐकलेलं, कारण थोरले त्याच्या कानांसाठी म्हणून सगळ्याच जगाशी ओरडून बोलत.

"मोडायचं तर दादाला विचारून मोडा," चोंग-मू बाहेर येत म्हणाला. "त्याची पूजा आहेच. दादा येईल, बसेल, पिईल. तेव्हा विचारा. तो हो म्हणाला तर भट्टीत, नाही म्हणाला तर ओसरीवर."

आता थोरले येणार म्हणजे कसे, हे पठारावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेलेल्या माणसाच्या जागी त्याचा नातू बसतो. नातवानं आजोबांचा झगा घालायचा, आजोबांच्या चटईवर बसायचं, आणि बसला की तो नातू नाही, आजोबाच. तो पितो ते आजोबा पितात, तो बोलतो ते आजोबा बोलतात, आणि त्याचा बाप त्याच्या पाया पडतो. कुठला नातू बसवायचा हे काड्या टाकून ठरवतात. काड्या टाकल्या, आणि कौल शू-तुओला गेला.

लू-जिआंगला वाटलं, देवानं पावावं तर असं. शू-तुओ बो-फानचा तिसरा मुलगा, वीस वर्षांचा, दांडगा, आणि आजीचा जीव की प्राण. शिवाय दहाव्या वर्षीच त्याला राजधानीत धनुर्विद्या शिकायला धाडलेलं, तो गेल्या हिवाळ्यात परतला. आजोबा त्याला नीटसे आठवतही नव्हते.

"मला त्यांची दाढी आठवते," तो आजीपुढे बसत म्हणाला. "आणि 'गप' असं म्हणालेले आठवतं. बाकी तू सांग. दहा दिवस उपास करून त्यांचं बसणं, बोलणं, हसणं मनात आणायचं असतं म्हणे. काका-आजोबा परीक्षा घेणार आहेत."

"हसणं राहू दे," लू-जिआंग म्हणाली. "बसायला डावा गुडघा थोडा वर ठेवायचे. दुखायचा."

इथवर ती खरं बोलली. मग तिनं ओसरीवरच्या घुबडाकडे पाहिलं, मनाशी काही ठरवलं, आणि जे सुरू केलं त्याला खोटं म्हणावं की काय म्हणावं ते तुमचं तुम्ही ठरवा.

"पहिला घोट घेतला की म्हणायचे, 'वा, काय चव आहे.'"

"आजोबा?"

"मग कोण? आणि घुबडाच्या डोक्यावरून हात फिरवायचे. असा. म्हणायचे, 'हे माझं लाडकं.'"

शू-तुओनं घुबडाच्या डोक्यावरून हात फिरवला. "हे माझं लाडकं."

"आवाज जाड काढ. आणि कधी कधी माझ्याकडे बघून म्हणायचे, 'दमलीस का गं?'"

हे घुबडाच्या कामाचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर तिनं मागे घेतलं नाही. रोज सकाळी आजी-नातू बसत. रोज थोरल्यांना नवा गुण चिकटे. चौथ्या दिवशी ते तिच्यासाठी माळावरची फुलं आणू लागले. सातव्या दिवशी त्यांनी एकदा, फक्त एकदाच, आपल्या आईसमोर तिची बाजू घेतली. लू-जिआंगला स्वतःलाच तो माणूस आवडायला लागला. असा नवरा आपल्याला का मिळाला नाही, याचं तिला वाईट वाटू लागलं, आणि मग आठवे की मिळाला होता तो दुसराच.

"आजी, किती चांगले होते आजोबा," शू-तुओ म्हणाला. "बाबा मात्र सांगतात की..."

"तुझ्या बापाला काय कळतंय," लू-जिआंग म्हणाली.

पूजेच्या सकाळी पितृगृहाच्या, म्हणजे पितरांच्या पूजेच्या घराच्या, दाराबाहेर बो-फान मुलावर खेकसत होता. चोंग-मूनं त्याला तीनदा बजावलेलं की बाहेर उभा राहू नकोस, बाहेर तो तुझा मुलगा आणि आत तो तुझा बाप, उगाच घोटाळा होईल. पण बो-फानला राहवेना.

"कमरपट्टा घट्ट बांध. आबांचा झगा आहे तो, लोळवू नकोस. आणि आत गेल्यावर ढेकर देशील तर याद राख."

शू-तुओनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला. बो-फान जागच्या जागी गुडघ्यावर आला आणि कपाळ जमिनीला टेकून म्हणाला, "आबा, यावं."

बायकांनी पूर्वेच्या खोलीत बोरूच्या पडद्यामागे उभं राहायचं आणि तोंडातून आवाज काढायचा नाही, अशी रीत. लू-जिआंग पुढच्या रांगेत होती. पडद्याच्या फटीतून तिला चटई दिसत होती, चटईवर डावा गुडघा वर करून बसलेला झगा दिसत होता, आणि त्याच्यापुढे घुबड. नऊ पेले प्यायचे होते. पेला तीन पायांचा, आणि काठावर दोन खुंट्या, त्या पिताना गालांना टोचत. पिणाऱ्यानं बेतानं प्यावं म्हणून त्या असतात, असं चोंग-मू सांगे. गेंग ओतारी म्हणे की त्याच्या आज्यापासून कोणालाच माहीत नाही त्या कशाला असतात.

चोंग-मूनं पुकारा केला. बो-फाननं घुबडातून पळीनं दारू काढून पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. शू-तुओनं घोट घेतला.

"वा," तो जाड आवाजात म्हणाला. "काय चव आहे."

चोंग-मूची मान किंचित वळली. दुसरा पेला झाला. तिसरा झाला.

"वा. काय चव आहे."

चोंग-मू बो-फानच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, म्हणजे अंगणात बांधलेल्या घोड्यांनाही ऐकू गेलं. "हा दादा नव्हे."

"काका, असं कसं?"

"सत्तर वर्षं ओळखतो मी त्याला. जन्मात 'वा' म्हणाला नाही. आमच्या आईनं स्वतः रांधलेल्या कोंबडीलाही नाही."

बो-फाननं घाईघाईनं चौथा आणि पाचवा पेला भरला. वाटलं असेल, पोटात थोडी गेली की वडील ताळ्यावर येतील. शू-तुओचे कान लाल झाले होते. दहा दिवसांचा उपास, समोर आठ थाळ्या मांस, आणि त्यातलं नुसतं ओठांना लावून खाली ठेवायचं. सहावा पेला संपवून त्यानं हात लांब केला आणि घुबडाच्या डोक्यावरून प्रेमानं फिरवला.

"हे माझं लाडकं," तो म्हणाला.

चोंग-मूनं घंटा वाजवणाऱ्याला हातानं थांबवलं. कोपऱ्यातल्या शेगडीवर दारू उकळत राहिली.

"कोणीतरी दुसरंच येऊन बसलंय," चोंग-मू म्हणाला. "वाटेनं चाललेलं असेल. बेवारशी, घराणं नसलेलं. झगा दिसला, दारू दिसली, आलं आणि बसलं."

"आपल्या आबांच्या चटईवर?" बो-फानचा आवाज चिरकला.

"आणि आपले सहा पेले पिऊन."

"मग आता, काका?"

"पीचच्या लाकडाची काठी आणायला धाडा कोणाला तरी. आणि गवताचा झाडू. काठीनं झोडपलं की निघून जातं. पण तोवर पेले थांबवू नका, अर्धवट राहिलं तर ते चिडेल."

बो-फाननं कपाळाचा घाम पुसला. मग त्याची नजर घुबडावर गेली आणि चेहरा उजळला. "याच्यामुळेच आलंय ते. दोन तोंडांचं भांडं पितरांपुढे ठेवायचंच कशाला? दोन्हीकडून वाट मोकळी. आता विचारायचीही गरज नाही. आजच भट्टीत घालतो."

पडद्यामागे लू-जिआंग सगळं ऐकत होती. चूक कोणाची हे तिला लख्ख दिसत होतं. तिनं नवरा सुधारला होता, आणि सुधारलेल्या नवऱ्याला त्याच्याच घरात कोणी ओळखेना. मुलगा घुबड वितळवणार, नातू काठीचा मार खाणार, आणि थोरले, ते खरोखर उंबऱ्यापर्यंत आले असतील तर, आपल्या जागी हा गोडबोल्या कोण बसलाय ते बघून परत फिरले असतील. त्यांना उपाशी परत पाठवल्याचं तिला सगळ्यांत जास्त लागलं.

चटईवर शू-तुओला सातवा पेला मिळाला, मग आठवा. त्याच्यासमोर दोन वडीलधारी माणसं त्याला भुरटं भूत म्हणत होती आणि काठी आणायला माणूस पळाला होता, आणि त्याला 'बाबा, मी आहे' म्हणायची सोय नव्हती, कारण तो तो नव्हताच. गालांना खुंट्यांनी टोचून खड्डे पडलेले. डोळ्यांत पाणी. पोटात आठ पेले आणि त्याखाली काही नाही. बो-फाननं नववा पुढे केला. शू-तुओनं घोट घेतला, पेला खाली ठेवला, जरा जोरातच, आणि भुवया जवळ आणल्या.

"पातळ आहे," तो म्हणाला.

हा आवाज जाड नव्हता, काढलेलाही नव्हता. नुसता वैतागलेला होता. चोंग-मूच्या हातातली पुकारे लिहिलेली लाकडी पाटी खाली पडली.

"काय म्हणाला?" त्यानं बो-फानला विचारलं, पण त्याला ऐकू आलं होतं.

"आणि गार आहे. कोमट कर."

बो-फान उभा राहिला तसाच राहिला. शेगडीपाशी कोण होतं त्यानं घाईनं पेला कोमट करून आणला. शू-तुओनं तो घेतला, तोंडाशी नेला, आणि थांबला. समोर घुबड होतं. घुबडाचे ते वाटोळे डोळे त्याच्याकडे बघत होते. तोही बघत राहिला. मान थोडी डावीकडे नेली, तरी बघतंय. उजवीकडे नेली, तरी बघतंय.

"त्याचं तोंड तिकडे फिरव," तो म्हणाला.

हे तिनं शिकवलं नव्हतं. दहा दिवसांत एकदाही, चुकूनही नाही. लू-जिआंगनं काही ठरवलं नाही, रीत आठवली नाही, कोण ऐकतंय पाहिलं नाही. पडद्यामागून तिचा आवाज आपणहून निघाला, रोज संध्याकाळी निघायचा तसा.

"तिकडूनही तोंडच आहे."

सुनेनं तिचा दंड धरला. बाहेर एकही पुरुष हलला नाही. चटईवरचा झगा पडद्याकडे वळलाही नाही, नुसता नाकातून फुरफुरला.

"पुढूनही बघतंय, मागूनही बघतंय."

चोंग-मू मटकन खाली बसला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, रीतीनं आधी उजवा गुडघा मग डावा असं बसायचं असतं, तो सगळाच एकदम बसला आणि रडायला लागला.

"दादा आला," तो म्हणाला. "भिंतीपलीकडून ऐकत होतो रोज. तीन वर्षं झाली, भिंत गप्प आहे. दादा, किती उशीर केलास."

तेवढ्यात पीचची काठी घेऊन माणूस धापा टाकत आला. कोणीतरी त्याला मानेला धरून बाहेर काढलं.

बो-फान काही वाईट मुलगा नव्हता, फक्त हट्टी होता. त्यानं तीनदा कपाळ टेकलं आणि विचारायचं ते विचारलंच, कारण आता खरे वडील आले होते आणि खऱ्या वडिलांना तर ते भांडं कधीच आवडलं नव्हतं. "आबा, हे घुबड तुम्हाला त्रास देतं, हे आम्हाला माहीत आहे. ते वितळवून तुमच्यासाठी मोठं पात्र करतो. त्यावर तुमची मोहीम असेल. आणि त्याला तोंड नसेल, आबा. कुठूनच बघणार नाही."

शू-तुओनं नववा पेला संपवला. पालथा करून पाहिला. मग बराच वेळ घुबडाकडे बघत राहिला, आणि त्याचे डोळे मिटू लागले होते.

"मग मी भांडू कशाशी?" तो म्हणाला.

"पण आबा, रोंगांच्या पात्रात..."

"गप."

बो-फान गप्प झाला. दहा वर्षांचा असताना होत असे तसा, मान खाली घालून, हात बाह्यांत ओढून.

चोंग-मूनं डोळे पुसले, उठला, आणि थोरले तृप्त झाले असा पुकारा केला. घंटा वाजल्या. थोरल्यांना दोघांनी दोन्ही बगलांतून धरून दारापर्यंत पोचवलं. उंबरा ओलांडताच शू-तुओ पुन्हा शू-तुओ झाला आणि भिंतीला धरून ओकला. बो-फाननं, आता बाप या नात्यानं, त्याचं डोकं धरलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर आला तेव्हा शू-तुओ आजीच्या ओसरीवर येऊन बसला. डोक्याला ओलं फडकं बांधलेलं.

"आजी, मी काही वेडंवाकडं बोललो का?"

"तू कुठे होतास तिथे," लू-जिआंग म्हणाली.

"नाही, म्हणजे काका-आजोबांनी सकाळी मला पाहिलं आणि उठून उभे राहिले. मला काहीच आठवत नाही. सहाव्यानंतर सगळं धूसर आहे. एवढं आठवतंय की ते घुबड माझ्याकडे फार बघत होतं. तू शिकवलंस ते सगळं म्हटलं ना मी? 'दमलीस का गं' राहिलं वाटतं."

"राहू दे," ती म्हणाली. "ते काही एवढं महत्त्वाचं नव्हतं."

अंगणात हातोड्याचे आवाज येत होते. गेंग ओतारी बो-फानच्या रथाच्या आसांची काशाची टोपणं काढत होता आणि बो-फान शेजारी उभा राहून तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. तेवढ्या काशात फक्त लहान पात्र होणार होतं, त्यामुळे लेखातली मोहीम गळाली. आता एवढंच राहिलं होतं की हे बापासाठी केलं, मुलानातवंडांनी वापरावं. गेंगच्या मते लेख सुधारला होता, पण त्याला कोणी विचारलं नाही.

मोठ्या पूजेची उरलेली दारू दुसऱ्या दिवशी घरात वाटतात. बायकांनाही वाटा मिळतो. पूजेआधी गाळणाऱ्या बाईनं दारू चाखायची नसते, ती नुसत्या वासावर पारखायची, आणि पूजेनंतर लू-जिआंग आपला वाटा दर खेपेला स्वयंपाकीणबाईला देऊन टाके. चाळीस वर्षं. ज्याला पातळ लागते त्यानंच प्यावी, असा तिचा राग.

शू-तुओ चटईवर आडवा होऊन घोरायला लागला. डावा गुडघा वर. लू-जिआंगनं घुबडाचं झाकण काढलं, तळाशी राहिलेली पळीभर दारू मातीच्या वाडग्यात घेतली आणि घोट घेतला. घोट तोंडात फिरवला. खात्री करायला आणखी एक घेतला. मग तिनं वाडगा खाली ठेवला, आणि घुबड तिच्याकडे बघत बसलं.

"बाई," तिनं आत हाक मारली. "पुढच्या खेपेला राळे दीडपट टाका."

स्वयंपाकीणबाई दारात आली. "का हो बाईसाहेब? कोणी तक्रार केली का?"

"केली होती," लू-जिआंग म्हणाली.